पेजेआधी चमचाभर पाणी

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी माझ्या औषधाच्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. त्याला चिठ्ठीशिवाय गोळ्या हव्या होत्या आणि मी नेहमीप्रमाणे ऐकत नव्हतो. फोनवर सुधाकरची मुलगी होती. "काका, बाबा गेले. सकाळी चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत…" मी शटर ओढलं आणि पेणहून निघालो. रोह्याजवळ वरशाला पोचलो तर त्याच्या अंगणात माणसं मावत नव्हती. जिते गावची, कोलाडची, पेणच्या खारेपाटातली. त्यातले कितीतरी जण एक पाय ओढत चालत आले होते, काठी टेकत, कुणाचा तरी खांदा धरत. डॉक्टर सुधाकरने वाचवलेली ही माणसं. त्याला महिना होऊन गेला, पण अजून दुपारची गर्दी ओसरली की माझी नजर समोरच्या दवाखान्याच्या पायऱ्यांकडे जाते.

आम्ही रोह्याच्या शाळेतले. त्याचे वडील, अण्णा, वालाची शेती करायचे. थंडीत त्यांच्या शेतावर पोपटी लागायची, मडक्यात भरून भाजलेल्या वालाच्या शेंगांची. मडकं उपडं केलं की आम्ही शेंगांवर तुटून पडायचो, आणि सुधाकर मात्र आधी कच्च्या किती राहिल्या, करपल्या किती, ते निवडत बसायचा. "खायचं सोडून पंचनामा करतोय बघा," अण्णा म्हणायचे. ही खोड त्याची शेवटपर्यंत गेली नाही. पुढे तो डॉक्टर झाला, मी औषधं विकायला बसलो, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो पेणच्या एका छोट्या दवाखान्यात रुजू झाला तो नेमका माझ्या दुकानासमोर. तेव्हापासून माझा दुपारचा चहा कधी एकट्याने झाला नाही.

अर्धांगवायूला आमच्याकडे 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. त्या काळी मेंदूचा फोटो काढायचा तर मुंबई गाठावी लागे. तेल चोळून आणि अंगारा लावून झाल्यावर लोक पेशंट आणायचे, आणि तरीही सुधाकरच्या वॉर्डात बरेच जण डोळे उघडायचे. पहिल्या दोनेक वर्षांतच त्याच्या आईच्याही अंगावरून वारं गेलं. त्याने तिला रोह्याहून आपल्याच वॉर्डात आणलं. काही दिवसांनी ती सावध झाली, डाव्या हाताने अण्णांची बोटं धरू लागली. मी औषधं घेऊन गेलो तेव्हा अण्णा तिला पेज भरवत होते. "खा गो, आणि एक घास." तिला ठसका लागला. अण्णांनी तिचं तोंड पुसलं आणि हसून म्हणाले, "पोरींनी आठवण काढली असंल." मग ताप भरला, छाती घरघरू लागली, आणि ती गेली. वारंच जोराचं होतं, असं सगळे म्हणाले. अण्णा मात्र भेटेल त्याला सांगायचे, "जाताना माझ्या हातची पेज खाऊन गेली." तेवढंच काय ते समाधान त्या माणसाला उरलं होतं.

पुढे एका दुपारी सुधाकर दुकानात आला आणि चहा न घेताच म्हणाला, "माझ्या वाऱ्याच्या पेशंटांना ती तापाची भारी इंजेक्शनं कधी लागतात रे?" मी म्हटलं, "का, माझा धंदा वाढवतोस काय?" तो हसला नाही. मी आठवून सांगितलं, त्याने वॉर्डातल्या कागदांशी ताडून पाहिलं. आल्या आल्या ती इंजेक्शनं क्वचित कुणाला लागत. लागत ती माणसाने डोळे उघडल्यावर, घरच्यांचे चेहरे फुलल्यावर, जेवणाचे डबे यायला लागल्यावर. "वाऱ्यात अर्धा घसाही लुळा पडतो," तो म्हणाला. "घास पोटात न जाता छातीत उतरतो. वाऱ्यातून उठलेला माणूस आपण भरवून घालवतो." ठसका ही त्याची खूण, आणि काहींना तर ठसकाही लागत नाही. त्याने ड्यूटी रूममध्ये शाळेतला असतो तसा फळा टांगला. तोवर दवाखान्याचा हिशेब दोनच गोष्टींचा होता, घरी गेला की वर गेला. सुधाकरने त्यावर नवे रकाने आखले. खायला देण्याआधी किती जणांना उठवून बसवून चमच्याने पाणी पाजून पाहिलं, मागाहून ताप किती जणांना आला, घरी जाताना स्वतःच्या हाताने कोण जेवलं. पहिल्या महिन्यात पाण्याचा रकाना कोराच राहिला आणि सिस्टर लोकांची तोंडं वाकडी झाली. मोठे डॉक्टर म्हणाले, "शाळा काढलीस की काय?" पण फळा हलला नाही. ज्यांना पाणी गिळता येत नव्हतं त्यांना नाकातून नळी घालून पातळ अन्न द्यायला सुरुवात झाली.

तरी तापाचा रकाना काही खाली येईना. सिस्टर पाणी पाजून बघत, भिंतीवर 'तपासल्याशिवाय पेशंटला काही भरवू नये' अशी पाटीही होती. पण आमच्याकडे आजारी माणसाला बघायला जाणारा डबा घेऊन जातो, आणि आपल्या हाताने एक घास भरवल्याशिवाय त्याचं येणं झालं असं वाटत नाही. बायका पदराआड चमचा धरून भरवायच्या. मी सुधाकरला म्हटलं, "नुसतं 'नको' म्हणून कोण ऐकतो? कारण सांग. पेजेने माणूस दगावतो, असं त्या पाटीवर लिही." तो हळूच म्हणाला, "अण्णा दर आठवड्याला येतात रे… वाचतील."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अण्णा रोह्याच्या एसटीने यायचे, वालाची पिशवी सुनेकडे द्यायचे आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर येऊन बसायचे. सिस्टरना त्याने कारण सांगितलं होतं, पण बाहेर बोलू नका अशी ताकीद देऊन. कारण लिहिलं तर बायको आपल्या हाताने गेली हे अण्णांना कळणार, आणि लिहिलं नाही तर कुणाची तरी बायको, कुणाचा तरी नवरा तसाच जाणार. सुधाकर त्या दिवसांत वाळत चालला होता. त्याच्याकडे बघून मला वाईट वाटायचं आणि रागही यायचा.

मग जित्याकडचा एक मिठागरावरचा माणूस दाखल झाला. त्याची बायको त्याला पदराआडून भरवताना सापडली आणि सुधाकर, जो कधी आवाज चढवत नसे, तिच्यावर ओरडला. ती रडायला लागली. अण्णा बाकावरून हे बघत होते. ते सुधाकरचा हात धरून त्याला माझ्या दुकानात घेऊन आले आणि आतल्या स्टुलावर बसले.

"त्या बाईला ओरडलास कशाला? पेजच तर देत व्हती."

सुधाकरने सांगितलं. सगळं नाही, घशाचं आणि छातीचं तेवढं. मी उगाच बाटल्या पुसत उभा राहिलो.

"तुझ्या आईला ठसका लागला व्हता," अण्णा म्हणाले. "तवाच?"

"व्हय, अण्णा."

अण्णा उठले, धोतर सारखं केलं. "त्या बाईला ठावं नव्हतं. मला पण नव्हतं. आता ठावं हाय, तर सांगाया नको?"

त्यानंतर अण्णा वॉर्डाच्या दारातच बसू लागले. डबा दिसला की म्हणायचे, "थांब गो. आधी चमचाभर पाणी पाजून बघतील, मग दे. मी नाय थांबलो. माझी बायको माझ्या हातची पेज खाऊन गेली." पदराआडचे चमचे थांबले. फळ्यावरचा ताप उतरत गेला आणि स्वतःच्या हाताने जेवून घरी जाणारे वाढले. मोठे डॉक्टर आता पाहुण्यांना मुद्दाम फळा दाखवायला आणत.

दशक सरता सरता अण्णा गेले. दिवसकार्य उरकून सुधाकर कामावर आला त्या दिवशी मी वॉर्डात होतो. दारात एक बाई डबा घेऊन उभी होती. सुधाकर अण्णांच्या जागेवर बसला आणि तिला म्हणाला, "मावशी, थांबा. माझी आई याच वॉर्डात होती. वडिलांनी मला विचारलं होतं, पेज देऊ का. मी डॉक्टर. न तपासताच म्हटलं, द्या."

मी चमकून बघितलं. बाहेर आल्यावर तो भिंतीला टेकला. "एवढी वर्षं अण्णा दारात बसून 'मी दिली, मी दिली' म्हणायचे आणि मी आत बसून ऐकायचो. मला विचारून दिली, हे त्यांनी एकदाही कुणाला सांगितलं नाही. मलासुद्धा नाही." तो रडला, आणि मीही. त्यानंतर निवृत्त होऊन वरशाला जाईपर्यंत तो डबा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगत आला.

परवा त्या वॉर्डात गेलो होतो. खाटा नव्या, माणसं नवी, फळ्याच्या जागी कसलासा तक्ता. एक तरुण सिस्टर, जिने अण्णांना पाहिलेलंही नाही, एका म्हातारीला उशांना टेकवून बसवत होती. शेजारी मुलगा पेजेचा डबा उघडून तयार. "दादा, थांबा जरा," ती म्हणाली. "आमच्या डॉक्टरांनी त्यांच्या आईला न तपासता पेज द्यायला सांगितली व्हती. त्यातच त्या गेल्या." मुलाने डब्याला झाकण लावलं. तिने म्हातारीला चमच्याने पाणी पाजलं, घशाकडे बघत राहिली, थांबून आणखी एक चमचा दिला. "आजी, आता नाव सांगा बघू तुमचं." म्हातारीने नाव सांगितलं, जीभ थोडी जड, पण आवाज स्वच्छ, घशात पाण्याची घरघर नाही. ठसका नाही.

"द्या आता," सिस्टर म्हणाली.