पत्र्यावर दोन ठोके

बसचा संप सुरू झाला आणि कंडक्टर घरी बसला, असं म्हणायचं. पण त्याला बसता येत नव्हतं, हीच तर अडचण होती. सारी नोकरी उभ्याने झालेली. चहासुद्धा तो स्वयंपाकघराच्या चौकटीला खांदा टेकवून, एक पाय किंचित पुढे टाकून प्यायचा, जणू घर कुठल्याही क्षणी वळण घेईल. बायको ओट्याशी आडवी आली की तोंडातून निघून जायचं, "पुढे सरका, आत जागा आहे." मग स्वतःच ओशाळायचा. गल्लीत त्याचं नावच पुढेसरका पडलं होतं. शेजारच्या एका म्हाताऱ्याच्या मयताला माणसं दारातच तुंबली होती, तेव्हाही तो हेच बोलून गेला. खरं सांगायचं तर त्यामुळे माणसं सरकलीही होती.

भांडण त्याच्या अंगात नव्हतं. बसमध्ये दिवसभर इतके लोक बोलून जातात की संध्याकाळपर्यंत राग यायची जागाच झिजते. संपात मात्र तो मनापासून उतरला होता. त्याच्या गाडीचं मागचं दार कित्येक दिवस सुतळीने बांधलेलं होतं. एक पाळी संपली की दुसरी गळ्यात पडायची, आणि झोप तो दोन फेऱ्यांच्या मध्ये उभ्याउभ्याच घ्यायचा. पण हे चारचौघांत सांगायचं म्हटलं की तो मागे सरकायचा. डेपोच्या फाटकासमोर घोषणा इतर देत. हा ताडपत्रीवर सगळ्यांना नीट ओळीत बसवायचा.

बोलायचं काम घरात अण्णा करत. अण्णा म्हणजे त्याचे वडील, निवृत्त ड्रायव्हर. त्यांना एका डोळ्याने दिसत नव्हतं आणि दुसऱ्याने जेमतेम, पण आवाजाला काही झालेलं नव्हतं. कोपऱ्यावरचा दुकानदार साखर तोलता तोलता म्हणाला होता, "लोकांचे हाल करून तुम्हाला झोप कशी लागते?" त्यावर कंडक्टरने पिशवी पुढे धरली, आणि अण्णांनी पायरीवरूनच उत्तर दिलं, "झोप मिळावी म्हणूनच तर संप आहे." तेव्हापासून साखर दूरच्या दुकानातून आणावी लागत होती.

अण्णांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली ती नेमकी या धामधुमीत. डोळ्यांचा दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तारीख फार दिवसांनी मिळालेली. ती चुकली तर नाव पुन्हा तळाला, आणि तोवर डोळ्याचं काय होईल हे विचारल्यावर डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले होते. टॅक्सीने जाता आलं असतं. पण संपाला पाठिंबा म्हणून टॅक्सीवाल्यांनी गाड्या बंद ठेवल्या होत्या. आदल्या दिवशी फाटकावर ही बातमी आली तेव्हा सर्वांत जास्त टाळ्या कंडक्टरनेच वाजवल्या होत्या.

"आता वाजव," बायको डबा भरताना म्हणाली.

सकाळी बापलेक मोठ्या रस्त्यावर येऊन उभे राहिले. बसथांबे रिकामे नव्हते, हेच विचित्र होतं. बस येणार नाही हे माहीत असलेली माणसं तिथेच रांगेत उभी होती, जिकडून ती येत असे तिकडे बघत. कंडक्टरने मान खाली घातली. तेवढ्यात गाद्या वाहणारा एक टेम्पो थांबला. मागचा भाग चारी बाजूंनी पत्र्याचा, आत कापसाचा भुगा आणि माणसं. टेम्पोवाल्याला गाद्यांची सवय. माणसंही त्याने तशीच, एकावर एक रचली होती.

आत गेल्या गेल्या सगळे शिंकत असल्याचं कळलं. मधोमध एक गोल अंगाचे विमा एजंट छातीशी बॅग धरून संपावर बोलत होते आणि दर दोन वाक्यांमागे शिंकत होते. "मी सांगतो, एकेकाला घरी पाठवा. लोकांच्या गळ्याला सुरी लावून मागण्या? आमचा काय दोष?" माना डोलत होत्या. टेम्पोवाल्याला मागचं काही दिसत नव्हतं. उतरायचं असलं की लोक पत्रा बडवत आणि ओरडत, आणि तो त्याला वाटेल तिथे, नेहमी जरा पुढेच, थांबायचा. मग उतरणारा सर्वांत आत असायचा. एका गृहस्थाचा एक बूट आतच राहिला आणि टेम्पो निघाला.

कंडक्टरला हे बघवेना. चौकात टेम्पो थांबताच तो खाली उतरून टेम्पोवाल्याच्या खिडकीशी गेला. "हे बघा, एक ठोका पडला की थांबायचं. दोन पडले की निघायचं. तीन म्हणजे गाडी भरली, आता मध्ये कुठेही थांबायचं नाही, सरळ शेवटपर्यंत. कळलं?"

"एवढंच ना," टेम्पोवाला म्हणाला. त्यालाही कुणीतरी काहीतरी ठरवून दिलेलं हवंच होतं.

मग कंडक्टरने लांब जाणाऱ्यांना आत घेतलं, जवळच्यांना दाराशी उभं केलं, बॅगा पायांत ठेवायला लावल्या. एक शिंपीणबाई लग्नाचा पोशाख कापडात गुंडाळून दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभ्या होत्या. दुपारी गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्न होतं आणि ती पोशाखाची वाट बघत होती. त्यांना कोपरा मिळाला. दोन ठोके पडले, टेम्पो निघाला, आणि सगळ्यांना एकदम श्वास घेता आला.

"याला म्हणतात शिस्त," विमा एजंट खूश होऊन म्हणाले. "अशी माणसं पाहिजेत बसवर. नाहीतर ते कंडक्टर, मेंढरं कोंबावीत तसे आपल्याला कोंबतात. आपण काय करता?"

"कापडाच्या दुकानात असतो," कंडक्टर म्हणाला.

"कुणाच्या दुकानात?" अण्णा म्हणाले.

"अण्णा, गप्प बसा."

"का बसू? साहेब, हा कंडक्टर आहे. मी ड्रायव्हर होतो. याला कापडातलं काय कळतं? सदरा याची बायको आणते."

विमा एजंटांची आलेली शिंक परत गेली. मग सगळे एकदम सुरू झाले. कुणाची नोकरी जायची वेळ आली होती, कुणाची आई गावाला अडकली होती, आणि या सगळ्याचा जाब द्यायला इतके दिवस हाताशी कुणी सापडलंच नव्हतं. आता सापडला होता, तोही केसांत कापूस घेऊन. "संपावर आहात ना? मग चालत जा!" विमा एजंट म्हणाले. "गाडी थांबवा. उतरवा दोघांना."

आणि सगळ्यांनी मिळून पत्रा बडवायला सुरुवात केली.

पुढे टेम्पोवाल्याने ऐकलं. तीन तर झालेच होते. वर आणखी पुष्कळ होते. गाडी नुसती भरली नसून चेंगरली आहे, असा त्याचा समज झाला असावा. त्याने वेग वाढवला. लोक चिडून आणखी बडवू लागले, तसतसा टेम्पो आणखी पळू लागला. एक थांबा गेला, दुसरा गेला. "माझं ऑफिस गेलं," विमा एजंट फटीतून बघत म्हणाले, आणि त्यांनी बॅगेनेच पत्र्यावर प्रहार केले. टेम्पोने चौथा गिअर टाकला.

काय झालंय हे एकट्या कंडक्टरला कळलं होतं. सगळ्यांना गप्प करून एकच ठोका द्यायचा, की झालं. पण तो द्यायचा म्हणजे अण्णांना रस्त्यावर उतरवायचं. दवाखाना याच वाटेच्या टोकाला होता. गप्प राहिलं तर डोळा वाचत होता. त्याने मूग गिळले.

कोपऱ्यातून शिंपीणबाई हळूच म्हणाल्या, "पाण्याची टाकी आली वाटतं. मला तिथे उतरायचं होतं." त्या भांडत नव्हत्या. हात अजून वरच होते, आणि त्यांना डोळे पुसता येत नव्हते.

कंडक्टरने अण्णांकडे पाहिलं. अण्णांना त्याचा चेहरा दिसणं शक्य नव्हतं.

"अरे, बाईंचा थांबा आलाय," अण्णा म्हणाले. "झोपलास की काय?"

"गप्प!" कंडक्टर इतक्या मोठ्याने ओरडला की तो आवाज आपला आहे हे त्यालाही पटलं नाही. सगळे चपापले. त्या शांततेत त्याने एक ठोका दिला. टेम्पो कचकन थांबला, बरोबर टाकीखाली.

त्याने दार उघडलं, सवयीने आधी स्वतः उतरला, बाईंच्या हातून पोशाख घेतला, त्यांना खाली येऊ दिलं, पोशाख परत हातात दिला. एवढ्यात मागे पत्र्यावर दोन ठोके पडले. तो वळेपर्यंत टेम्पो गेलेला होता, अण्णांसकट.

तो धावला, मग धाप लागली म्हणून चालू लागला. पुढच्या चौकात ते अण्णांना उतरवतील; त्यांना तर समोरचा दिव्याचा खांब दिसत नाही. प्रत्येक चौकात त्याने फुटपाथ बघितले, दुकानांच्या पायऱ्या बघितल्या. ज्या रस्त्यावरून त्याने हजारदा लोकांना नेलं होतं तो पायांना इतका लांब असेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं. आजूबाजूने माणसं मुकाट चालत होती. म्हातारी, पोटुशी, ओझी घेतलेली. आपली मागणी रास्त आहे आणि यांचे पायही खरेच दुखतायत, या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात शेजारी बसल्या आणि एकमेकींना जागा देईनात.

दवाखान्यात शिरला तेव्हा नोंदणीच्या खिडकीशी विमा एजंट कारकुनाशी तावातावाने बोलत होते. "उशीर झाला म्हणजे? म्हातारा माणूस पत्र्याच्या डब्यातून आलाय. नाव कापलं असतं ना, तर मी इथेच आडवा पडलो असतो." मग त्यांनी कंडक्टरला पाहिलं. "नेलं आत त्यांना. आत्ताच."

 कित्येक दिवसांनी कंडक्टर खरोखर खाली, बाकावर बसला. "ठोके तुम्ही दिलेत?"

"मीच. दोघांना उतरवा म्हणालो होतो, पण म्हाताऱ्याला एकट्याला कुठे उतरवणार? शेवटचा थांबा इथलाच निघाला. आता त्यांना असं दारात सोडून जायचं का?" ते शेजारी बसले. "तुमचा संप चूक आहे, हे मात्र आहेच."

"बरं."

"साफ चूक आहे."

"तुमचं ऑफिस?"

"विचारू नका," विमा एजंट म्हणाले आणि शिंकले.

ऑपरेशनच्या खोलीचं दार किलकिलं झालं आणि नर्सने डोकं बाहेर काढलं. "आतल्या आजोबांचा मुलगा कोण? त्यांना आधी गप्प करा. डॉक्टर आज घरून चालत आलेत, म्हणून संपावर काहीतरी बोलले. आजोबा तेव्हापासून त्यांना ऐकवतायत. डॉक्टर हातात सुरी घेऊन वाद घालतायत."

"डॉक्टरांचं म्हणणं काय आहे?" विमा एजंटांनी उत्सुकतेने विचारलं.

 कंडक्टर दाराच्या फटीशी गेला. आतून अण्णांचा आवाज येत होता, वाद बसच्या सुतळीने बांधलेल्या दारापर्यंत पोचला होता. मागे बाकावर विमा एजंट कान टवकारून बसलेले त्याला जाणवत होते.

"अण्णा," तो म्हणाला, "डॉक्टर म्हणतात ते बरोबर आहे."

संप सुरू झाल्यापासून संपवाल्यांनी घेतलेली ही पहिली माघार होती.  मग अण्णा अगदी खालच्या आवाजात डॉक्टरांना म्हणाले, "करा तुमचं काम. एकदा दिसायला लागलं की त्याच्याकडे बघतो."