दोरीवर न टांगलेला कागद

माझ्या मित्राला इंजिनातलं काय कळतं, तर बॉनेट कुठून उघडतं एवढं. हे मी जळून म्हणतोय, कबूल; पण म्हणून ते खोटं ठरत नाही. पुण्यात आम्ही एका बाकावर बसून मेकॅनिकल केलं. मग तो बर्मिंगहॅमला बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरला आणि मी नॉटिंगहॅमजवळ डिझेल इंजिनांच्या टेस्टिंगमध्ये. इंजिनाचा धूर कमी कसा होईल हे आठवड्याचे पाच दिवस बघणं हे माझं काम. म्हणूनच असेल, शनिवारी मला भरपूर धूर काढणारं इंजिन लागायचं.

ते एका शेतकरी बाईंच्या शेडमध्ये होतं. बाई सत्तरीला टेकलेल्या, कायम गमबूट घातलेल्या. त्यांचा हा ट्रॅक्टर शेतात कधी गेलाच नाही. तो फक्त ट्रॅक्टर पुलिंगच्या स्पर्धेसाठी. मागे एक लोखंडी स्लेज, म्हणजे वजन लादलेली घसरगाडी, जोडायची आणि मातीच्या शंभर मीटरच्या पट्ट्यावर ओढत न्यायची. ट्रॅक्टर पुढे जातो तसं स्लेजवरचं वजन आपोआप पुढे सरकतं आणि ती जमिनीत रुतायला लागते. अशा एका ओढण्याला ‘पुल’ म्हणतात; सगळा खेळ पंधरा-वीस सेकंदांचा. तेवढ्यात इंजिनाकडून इतकी ताकद मागितली जाते की ते एक तर शेवटपर्यंत पोचतं, नाही तर फुटतं.

दोन वर्षं मी दर शनिवारी तिथे जात होतो. बाईंनी मला एक काम दिलं होतं आणि त्याचा मला गर्व होता. प्रत्येक पुलनंतर ऑइल फिल्टर कापायचा, आतला घड्यांचा कागद उलगडून उजेडात धरायचा. थोडी राखाडी भुकटी असली तर चालतं. तांबूस चमक दिसली, तर बेअरिंग झिजतंय. इंजिन सुरू करायचं नाही. मग तारीख घालून तो कागद शेडमधल्या दोरीवर कपड्यांच्या चिमट्याने टांगायचा. बाईंच्या नवऱ्याच्या काळापासूनचे कागद त्या दोरीवर वाळत होते. "तुझी नजर चांगली आहे," असं बाई एकदा म्हणाल्या होत्या. त्या एका वाक्यावर मी अख्खा हिवाळा काढला.

पण मला हवी होती ती सीट. पुलला एकदा तरी त्या सीटवर आपण असावं, बस. मी मागितली मात्र कधीच नाही. आमच्या घरी मागायची पद्धत नव्हती. कुणाकडे गेलं आणि चहा विचारला की आधी नको म्हणायचं, पुन्हा आग्रह झाला की घ्यायचा. मी दोन वर्षं त्या आग्रहाची वाट बघत होतो. बाईंच्या देशात मात्र गप्प बसलेल्या माणसाला काही नको असतं.

मित्राला तिथे मीच नेलं, मिरवायला म्हणून. तिसऱ्याच शनिवारी त्याने चहात बिस्किट बुडवत बाईंना विचारलं, "मी चालवू का एकदा?"

"चालव की," बाई म्हणाल्या.

इतकं सोपं होतं ते! माझ्या हातातला पाना खाली पडला. मग तो मोकळ्या शेतात सराव करू लागला, क्लबचं लायसन्स काढून आला. आगीपासून वाचवणारा फायरसूटही त्याला असा बसला की कुणी मापाने शिवलाय. मी घरी जाऊन बायकोशी विनाकारण भांडलो.

स्पर्धा ऑगस्टमधल्या एका रविवारी होती. पहिली फेरी बाईंनी चालवली आणि शेवटपर्यंत नेली. असे जे शेवटपर्यंत पोचतात, ते वजन वाढवून पुन्हा ओढतात. ही दुसरी फेरी बाईंनी मित्राला कबूल केली होती. मधल्या वेळात मी ट्रेलरमागे बसून फिल्टर कापला. सवयीने कोपऱ्यात आधी तारीख आणि ‘पहिली फेरी’ असं लिहिलं आणि मग घडी उलगडली.

तीन कण. तांबूस.

म्हणजे थांबायचं. म्हणजे त्याची सीट गेली. आणि मला आनंद झाला, अगदी उकळ्या फुटल्या. त्या आनंदाचीच मग मला भीती वाटली. मी "थांबा" म्हटलं तर हा बाईंसमोर हसून म्हणणार, "जळतोस काय रे?" आणि ते खरंच असणार. म्हणून मी गप्प बसलो, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. पण ते इंजिन त्याच्या पायाखाली फुटावं असंही मला वाटत होतं. दोन्ही खरं आहे.

"ठीक?" बाईंनी लांबून हाक मारली. मी अंगठा वर केला आणि कागद खिशात घातला.

तो निघाला. काळ्या धुराचा खांब सरळ वर गेला, पुढची चाकं उचलली गेली, माझ्या छातीत आवाज भरला. पट्ट्याचा अर्ध्याहून जास्त भाग मागे पडला आणि आवाज एकदम पोकळ झाला. मग दणका. पिस्टनचा कनेक्टिंग रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला. इंजिनाच्या बाजूच्या पोलादी पत्र्याने तो अडवला म्हणून मित्राचा पाय वाचला. तापलेल्या ऑइलने पेट घेतला, मार्शल धावले, त्यांनी फेस मारून आग विझवली. त्या फेसातून हा उतरला आणि त्याने दोन्ही हात वर केले. जिंकलेल्याला मिळाल्या नसतील एवढ्या टाळ्या त्याला मिळाल्या.

"अरे, काय फीलिंग होतं यार!" माझ्याजवळ येऊन तो म्हणाला. चेहरा काळा झाला होता. "तू मला आधीच का नाही आणलंस इथे?"

तेव्हाही मी जळलो. ते फुटणंसुद्धा माझ्या वाट्याचं होतं, असं मला वाटलं.

पुढच्या शनिवारी इंजिन शेडमध्ये उघडून ठेवलं होतं. ब्लॉकला मूठ जाईल एवढं भोक. मित्र मागच्या खोलीत किटली लावत होता. बाईंनी दोरीकडे बघितलं.

"रविवारचा कागद कुठाय?"

मी खिशातून काढून दिला. त्या दारापाशी गेल्या आणि उजेडात धरून बराच वेळ बघत राहिल्या.

"तू हे बघितलं होतंस."

"हो."

"सीटवर तू असतास तर?"

"थांबवलं असतं."

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मित्राला हाक मारली आणि सांगितलं, इथून पुढे फिल्टर तू बघायचे, हा तुला शिकवेल. कागद त्यांनी आमच्या दोघांमध्ये बाकावर ठेवला आणि त्या बाहेर गेल्या.

"मी? मस्त!" तो हात पुसत बसला. "शिकव ना. नक्की काय बघायचं असतं?"

मी घडी उलगडली. "हे तांबूस दिसतंय? असं दिसलं की थांबायचं. सीटवर कोणीही असो."

तो मन लावून वाकला. कण त्याला लगेच दिसले; नजर त्याचीही चांगली आहे. मग ती कोपऱ्यातल्या तारखेवर गेली. माझं अक्षर तो कॉलेजपासून ओळखतो. त्याने रविवारची तारीख वाचली, पुढचं ‘पहिली फेरी’ पुन्हा पुन्हा वाचलं, आणि नकळत आपल्या मांडीवर हात ठेवला.

मग उठून त्याने तो कागद दोरीवर टांगला, चिमटा नीट दाबला आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच विचारलं, "तुला चालवायचा होता, तर एकदा मागायचं होतंस ना रे?"