अभ्यासिकेच्या कांताबाईंचा सत्कार

फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर माझा विश्वास नाही. मेडिकलवाल्याने सुट्ट्याऐवजी चॉकलेट दिलं तरी मी आधी त्याच्यावरची तारीख बघते. त्यामुळे आमच्या कांताबाईंचा जाहीर सत्कार होणार ही बातमी आली, तेव्हा बिल्डिंगमधल्या बायका पेढ्यांचं बोलू लागल्या आणि मी चष्मा पुसून बातमी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.

स्थानिक साप्ताहिक होतं. वर मोठ्या अक्षरांत 'पाच सेवाव्रतींचा गौरव', गौरव करणार नवप्रभात प्रतिष्ठान, अध्यक्ष महिपतराव. त्याच पानावर अगदी खाली, तळहाताएवढ्या चौकटीत दुसरी बातमी होती. महापालिकेच्या पडून असलेल्या खोल्या सामाजिक संस्थांना चालवायला देणार, इच्छुकांनी अर्ज करावेत. दोन्ही बातम्या एकाच पानावर बघून माझ्या कपाळाला आठी पडली.

कारण कांताबाईंची अभ्यासिका अशाच एका खोलीत चालते. बारा वर्षांपूर्वी त्यांची मुलगी संघप्रिया दहावीला होती. घर एका खोलीचं, त्यात माणसं सहा, म्हणून पोरगी जिन्यातल्या दिव्याखाली बसून अभ्यास करायची. आमच्या जेसल पार्क वस्तीत पाण्याच्या टाकीशेजारी महापालिकेची खोली कुलूप लावून पडली होती. कांताबाईंनी वॉर्ड ऑफिसच्या इतक्या चकरा मारल्या की शेवटी तिथल्या एका साहेबाने वैतागून किल्ली काढून दिली. "तोवर वापरा," म्हणाला. कागद काही दिला नाही.

तेव्हापासून रोज पहाटे साडेपाचला कांताबाई खोली उघडतात, झाडतात, माठ भरतात, पोरांचे मोबाइल टोपलीत जमा करतात आणि मग स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जातात. पार पलीकडच्या इंद्रलोक वस्तीपासून मुलं चालत येतात. संघप्रिया आता बँकेत आहे. आईने अभ्यासिका काही सोडली नाही.

"कांताबाई, तुम्ही जाऊ नका," मी त्यांना म्हटलं. "हा महिपतराव कामापुरता मामा आहे. त्याचा डोळा खोलीवर आहे."

"अनसूयाताई, तुम्हाला सगळीकडं काळंबेरंच दिसतं," त्या म्हणाल्या. "बारा वर्षांत कोणी साधं 'बरं करतेयस' म्हटलं नाय मला. आता म्हणतायत तर म्हणू दे की."

मीही कधी म्हटलं नव्हतं.

त्यांची अट एकच होती. हार, शाल, नारळ काही नको, मुलांसाठी वह्या-पेनं द्या. त्यांच्याकडे चौदा एप्रिलच्या जयंतीलासुद्धा फुलांऐवजी वही-पेन नेतात. महिपतरावांनी एका फोनवर होकार दिला. इतक्या पटकन दिला की माझा संशय दुप्पट झाला. दोनशे वह्या आल्या, प्रत्येकीच्या कव्हरवर हात जोडलेले महिपतराव. मी एक वही कांताबाईंच्या नाकासमोर धरली.

"आतली पानं कोरी हायत ना?" त्या म्हणाल्या. "मग झालं."

रविवारी मी त्यांच्याबरोबर हॉलवर गेले, म्हटलं तर पाहुणी, खरं तर पहारेकरी. एकतीस वर्षं सरकारी ऑफिसात फाइली तपासल्यात मी. बॅनर वाचला, निमंत्रणाचं पाकीट उजेडात धरून बघितलं, कोण कोणाच्या कानात कुजबुजतंय त्यावर नजर ठेवली. महिपतराव माइकवर म्हणाले, "अशा माउलींच्या पाठीशी आमचं प्रतिष्ठान भक्कम उभं आहे." पाठीशी कशाला, म्हटलं, पुढे उभे राहा की, म्हणजे दिसाल तरी.

कांताबाईंचा नंबर चौथा होता. सन्मानचिन्ह झालं, टाळ्या झाल्या, फोटो झाले. मग सूत्रसंचालकाने त्यांच्यापुढे पॅडला लावलेले कागद धरले. "मावशी, ही नुसती पोच आहे. इथे सही करा."

कांताबाई वाचायला शिकल्या त्या पन्नाशीला, त्याच खोलीत, पाचवीतल्या पोरांच्या शेजारी बसून. त्यांना मनातल्या मनात वाचता येत नाही. शब्दाखाली बोट धरून मोठ्याने वाचलं तरच त्यांना कळतं. माइक तोंडासमोर होताच. त्यांनी बोट ठेवलं आणि सुरुवात केली.

"मी... खाली सही करणार... कांता ज्ञानदेव गमरे..."

मागे कोणीतरी हसलं.

"सदर अभ्यासिकेची जागा... नवप्रभात प्रतिष्ठानच्या... ताब्यात देण्यास... माझी हरकत नाही."

हसणं थांबलं. महिपतराव खुर्चीतून अर्धे उठले. "अहो बाई, फॉर्मॅलिटी आहे ती. सही करा ना, पुढचे थांबलेत."

"थांबा साहेब, खाली अजून हाय." बोट पुढे सरकलं. "सोबतच्या यादीतील... रहिवाशांचीही... संमती आहे."

त्यांनी पान उलटलं. मी खुर्चीच्या टोकाशी आले. कोण हे घरभेदी, एकदा कळू दे, म्हणजे बघतेच एकेकाकडे.

"एक... अनसूया... पंढरीनाथ... तावडे."

ते माझंच नाव. आत येताना हॉलच्या दारात एका मुलीने हजेरीचा कागद पुढे केला होता. त्याचा वरचा भाग दुमडून क्लिपमध्ये अडकवलेला होता. पहिल्या रांगेतली खुर्ची जाईल म्हणून मी घाईघाईने नाव लिहून, सही ठोकून आत आले होते. जगावर संशय घेणारी मी! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

कांताबाईंनी मान वर केली. चिडल्या असत्या तर परवडलं असतं. "ताई, ही तुमचीच सही हाय ना?"

सगळा हॉल माझ्याकडे वळून बघत होता.

"माझीच," मी उभी राहून म्हटलं. "न वाचता केली."

महिपतरावांनी कागदांसाठी हात पुढे केला, तसं कांताबाईंनी पॅड छातीशी धरलं आणि स्टेजच्या कडेशी येऊन पेन माझ्यापुढे केलं. "मग तुमच्याच हातानं खोडा. दुसऱ्याच्या सहीला मी हात नाय लावत."

त्यांनी पॅड माझ्यासमोर धरलं आणि मी पेन टेकवलं. खोडताना कागद जरा फाटलाच. वळून बघते तर मागे आमच्या बिल्डिंगमधली दुसऱ्या मजल्यावरची दुर्गा उभी, आणि तिच्यामागे दारात सही केलेले आणखी आठदहा जण. दुर्गाने पेनासाठी हात पुढे केला, पण कांताबाईंनी ते लगेच दिलं नाही.

"आधी वाच," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं."