झुंबरमावशीची बारी

बारीच्या तोंडाशी आलं की झुंबरमावशी पायातल्या वहाणा काढायची आणि काखेत धरायची. रोज. ऊन असो, गारठा असो, डोक्यावर गवताचा भारा असो की नुसती रिकामी चुंबळ. वर नाथांच्या ओट्याला हात जोडायची, पलीकडे उतरायची आणि सपाटीला लागल्यावर वहाणा पुन्हा पायांत घालायची. वाडीतल्या बायका म्हणायच्या, मावशीची नाथांवर लई भक्ती. मीही लहानपणी तेच धरून चालले होते. एकदा विचारलं, तेव्हा ती हसली.

"नाथांना काय करायच्यात माझ्या वहाना? पाय उघडा आसला की कंचा धोंडा हालतोय ते कळतं. वहान घातली की समदे धोंडे सारखेच."

आमची वाडी पाथर्डी तालुक्यात, डोंगराच्या अलीकडच्या अंगाला. एसटी थांबायची ती पलीकडच्या फाट्यावर. बाजार, दवाखाना, पिठाची गिरणी सगळं पलीकडेच. मधल्या खिंडीला आम्ही बारी म्हणतो. बारीतून गाडीवाट नव्हती, होती ती पायवाट, आणि तीही दर पावसाळ्यात अर्धी वाहून जायची. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की दुसऱ्या दिवशी सगळी वाडी टिकाव, फावडी, पाट्या घेऊन वर चढायची. निसटलेले दगड पुन्हा बसवायचे, कडेची पौळ, म्हणजे दगडांची बुटकी भिंत, रचायची, बाभळीचे फाटे तोडायचे आणि दुपारी ओट्यापाशी बसून पिठलं-भाकरी खायची. या दिवसाला बारीचा दिवस म्हणत. त्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या प्रवरेच्या बाजूला निघत. जाणारे जाण्याआधी मागे राहणाऱ्यांची वाट नीट करून जात, असा तो हिशोब होता.

वाट घराघरांत वाटलेली होती. जिथे एका घराचा तुकडा संपतो तिथे चुना फासलेला धोंडा असे. तुकड्यांना घरच्यांची नावं पडली होती. भिमाजीचं वळण, गहिनीनाथाची पायरी, झुंबरचा उतार. एकाच्या तुकड्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही. एखादं घर बुडालं, मागे दिवा लावायलाही कुणी उरलं नाही, तरच शेजारचा तो तुकडा आपल्याकडे घेई आणि मधला पांढरा धोंडा हलवी. तो धोंडा हलताना बायका डोळ्यांना पदर लावत.

झुंबरमावशीचे यजमान, नाव कारभारी, लवकर वारले. पोर एकच, पुष्पावती. देवळाली प्रवरेला दिलेली, पाटाच्या पाण्याच्या घरात. मावशीचं शेत बारीच्या पलीकडे, हातभर. त्यामुळे बारी तिच्या पायांखाली रोज असायची. शेतावर जाताना ती आपल्या उताराची डागडुजी करायची, येताना दुसऱ्यांच्या तुकड्यांकडे नुसतं बघायची आणि घरी येऊन ज्याला त्याला सांगायची, "गहिनीनाथ, तुझी पायरी तोंड वासून बसलीया बघ."

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. काढायला पीक नव्हतं, म्हणून टोळ्या दसऱ्याची वाट न बघताच निघून गेल्या. वाडीत म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बायका आणि कुलपं राहिली. त्या वर्षी बारीचा दिवस झाला नाही. आदल्या वर्षी बारीचा दिवस झाल्यावर आलेल्या अवकाळी पावसाने मोडलेलं तसंच राहिलं, त्यावर शेरडं-मेंढरं फिरली, सरकारने दुष्काळात काढलेल्या खडी फोडायच्या कामावर जाणाऱ्या बायकांच्या पायांनी उरलेलं सुटलं. सगळ्यात वाईट होतं भिमाजीचं वळण. तिथे एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला घळ, आणि मधली वाट अर्ध्याच्या वर घळीत गेलेली.

दसऱ्याला पुष्पाचे सासरे, नाव श्रीमंत, सोनं द्यायला आले. पुष्पाला दिवस गेले होते, ही आनंदाची बातमी त्यांनीच आणली. पण बारी उतरताना त्याच वळणावर त्यांचा पाय मुरगळला होता. ओसरीत पाय लांब करून, वर हळद-चुन्याचा लेप लावून घेत ते म्हणाले, "पहिलं बाळंतपण माहेरी, हे मला मान्य हाय. पन आवघडलेल्या पोरीला ह्या वाटंनं मी घालनार न्हाई. संक्रांतीला तिला घिऊन येतो. वाट नीट आसंल तर पुष्पाला ठेवतो, न्हाईतर बारीच्या तोंडातनंच माघारी नेतो. राग मानू नका इवाईनबाई."

"राग कसला," मावशी म्हणाली. "संक्रांतीला पायात काटा बी लागायचा न्हाई तुमच्या."

त्या दिवसापासून ती खडीच्या कामावरून सुटली की बारीत थांबू लागली. दिवसभर हातोडी चालवून हाताला फोड आलेले, त्याच हातांनी दगड लावायची. आधी स्वतःचा उतार केला. मग संक्रांत जवळ येऊ लागली तशी मात्र ती भिमाजीच्या वळणावर गेली. चुन्याच्या धोंड्याला हात लावला नाही म्हणजे झालं, असं तिला वाटलं. तुकडा काही आपण घेत नाही, नुसते दगड लावतो. घळीच्या बाजूने तिने गुडघाभर पौळ रचली, मागे मुरूम भरला, तुडवून घट्ट केला. चार संध्याकाळी गेल्या. पाचव्या दिवशी दारात काठी आपटली.

भिमाजीची आई रंगुबाई उभी होती. कमरेत वाकलेली, चालताना भिंतीचा आधार घेणारी. लेक, सून, नातवंडं टोळीबरोबर गेली होती आणि त्यांचा सांगावा आला नव्हता. तिकडे कुणा बागायतदाराने भिमाजीला सालगडी म्हणून ठेवून घेतलंय, तो आता तिकडचाच झाला, अशी कुजबुज पाणवठ्यावर होती. रंगुबाईच्याही कानावर ती होतीच.

"झुंबरे, भाईर ये."

"या की आत्या, बसा."

"बसाया न्हाई आले. माझ्या भिमाला कुटं जाळलंस ते सांग."

मावशीच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. "आत्या! काय बोलताय? जिभंला हाड हाय का न्हाई?"

"मंग त्याच्या तुकड्याला हात कुनाच्या सांगन्यावरनं लावलास? बुडालं म्हन की आमचं घर. जा, चुना बी फासून ये. मी हाय आजून जित्ती, तवर तरी थांबायचं हुतं."

"पुष्पासाठी केलं वो. धोंड्याला शिवले बी न्हाई मी."

"तुझी पुष्पा येईल," रंगुबाई म्हणाली. "माझा भिमा न्हाई यायचा, आसंच ना? समद्यांनी मिळून ठरीवलंच हाय."

ती गेली. काठीचा आवाज बराच वेळ गल्लीत येत राहिला. मावशीने त्या दिवशी भाकरी टाकलीच नाही.

दुसऱ्या दिवशी खडीच्या कामावरून परतणाऱ्या बायकांनी पाहिलं तर झुंबरमावशी भिमाजीच्या वळणावर बसून स्वतःच रचलेली पौळ उकलत होती. एकेक दगड काढून वाटेवर, होता तिथे, टाकत होती. त्यांतली बनुबाई थांबली. "आगं बया, दिवसभर खडी फोडून पोट भरलं न्हाई व्हय तुझं?"

"तुझं भरलं ना? मंग चल घरला," मावशी म्हणाली. तिने मान वर केली नाही.

संक्रांतीला थोडे दिवस उरले होते. मी तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि सुट्टीत घरी आलेली. मला तिचं वागणं कळेना. "मावशी, वाट मोडून पुष्पा कशी येणार?"

"न्हाई आली तर मी जाईन तिकडं. सासरी बाळंतीन आतल्या ववरीत बसती, आई दारात बसती, इतकंच." तिने आणखी एक दगड काढला. "पन लेकाची पौळ माझ्या हातची, हे रंगुआत्याच्या मनात रोज सलायचं, ते बरं न्हाई."

मोडून आल्याचं तिने रंगुबाईला स्वतः जाऊन सांगितलं. उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, हुतं तसं करून आले." मावशी थोडी थांबली आणि निघाली, तेव्हा आतून विचारणा झाली, "पुष्पीला कितवा?"

"सहावा सरत आला."

मावशी तशीच घरी आली.

दोन दिवसांनी, ज्या दिवशी खडीचं काम बंद असतं त्या दिवशी सकाळी, काठी पुन्हा दारात वाजली. रंगुबाई धुवट लुगडं नेसून आली होती.

"माझ्याच्यानं बारी चढवत न्हाई. पाठीवर घेशील का?"

मावशीने वहाणा काढल्या आणि खाली बसली. रंगुबाईला पाठीवर घेऊन ती बारी चढताना आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मागून एक हात कंबरेखाली धरलेला, दुसरा हात डोंगराला टेकवत. रंगुबाई सारखी म्हणत होती, "हळू गं, मी काय भारा हाय का?" आणि मावशी म्हणत होती, "भारा बरा आत्या, भारा बोलत न्हाई."

वळणावर रंगुबाईने जागा निवडली, वाकली, दोन्ही हातांनी दगड उचलला आणि घळीच्या कडेला ठेवला. त्याच्यावर थोडा मुरूम टाकला. मग पदराने हात पुसून बाजूला बसली.

"आता तू लाव. मी घरची हाय, तू नुसती हाताखाली. कळलं?"

"कळलं."

दिवसभर रंगुबाई तिथून सूचना देत राहिली. "आसा न्हाई, आडवा बसव. माझा भिमा बारका दगड तळाला घालत न्हाई." मावशी लावलेला दगड काढायची आणि पुन्हा लावायची. एकदाही उलट बोलली नाही. एकदा फक्त म्हणाली, "आत्या, भिमाजी टोळीसंगं का पळाला ते आज कळलं." रंगुबाईला हसू फुटलं. त्या वर्षात ती हसलेली मी तेव्हाच पाहिली.

बातमी खाली पोचायला वेळ लागला नाही. गहिनीनाथ दम्याचा रोगी, लेकासुनांनी मागे ठेवलेला. तो धापा टाकत वर आला. "आन् माझी पायरी तशीच ठिवता व्हय? मी काय मेलो?" त्याने आपल्या पायरीवर पहिला दगड ठेवला आणि खोकत बसला. बाकीचं आम्ही केलं. पुढच्या सुट्टीला अर्धी वाडी वर होती. ज्या घरातली माणसं टोळीत गेली होती त्या घरातलं जे कुणी मागे उरलं होतं ते येई, पहिला दगड ठेवी, आणि मग त्याच्या हाताखाली सगळे लागत. एका घराचं तर फक्त तान्हं नातवंड आजीकडे राहिलेलं. त्याच्या मुठीत एक खडा देऊन तो वाटेवर सोडायला लावला, तेव्हा त्याने आधी तो तोंडात घालून बघितला. दुपारी ओट्यापाशी पिठलं नव्हतं. रेशनवर आलेल्या मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, लालभडक भाकरी होत्या, चटणी होती आणि लहान मुलांना सरकारी मदतीतून मिळालेली गोड सुकडी होती. मुलांनी ती सगळ्यांना चिमूटचिमूट वाटली.

संक्रांतीला श्रीमंत पुढे काठी टेकत, मागे पुष्पा आणि तिची नणंद, असे बारी उतरले. भिमाजीच्या वळणावर रंगुबाई बसलेली होती. तिने मावशीला पहाटेच पाठीवर घेऊन जायला लावलं होतं. शेजारी पाण्याचा तांब्या. पुष्पाला तिने तिथे बसवलं, घोटभर पाणी दिलं, आणि श्रीमंतांना म्हणाली, "इवाई, दाबून पाय ठिवा, काय हुत न्हाई. ही पौळ माझ्या भिमाच्या घरची हाय."

श्रीमंतांनी काठीने पौळ ठोकून पाहिली. "पुष्पा राहील," ते म्हणाले.

चैत्रात पुष्पाला मुलगी झाली. पावसाळ्याच्या तोंडावर भिमाजी आला, पेरणी करायला. पौळ बघून आईला म्हणाला, "ही मी रचलेली न्हाई वाटत."

"तुझीच हाय," रंगुबाई म्हणाली. "तू नव्हतास म्हनून काय झालं?"

पेरणी करून तो परत गेला, पुढच्या वर्षी पुन्हा आला. बारीचा दिवस आता दसऱ्यानंतर होतो आणि संक्रांतीआधीही.

झुंबरमावशी चौऱ्याहत्तरच्या श्रावणात तापाने गेली. मी नगरला होते, एम.ए.च्या वर्गात. मला उशिरा कळलं. त्याआधी शेवटची भेट झाली ती बारीतच. मी एसटी गाठायला निघाले होते, ती शेतावरून परत येत होती, वहाणा काखेत. थांबली, माझ्या पिशवीकडे, मग माझ्या पायांकडे बघितलं. मी दोन पावलं पुढे गेले तेव्हा मागून म्हणाली,

"वळनावरचा तिसरा धोंडा हालतोय गं, जपून जा. आन् त्याला हात लावू नको, मी रंगुआत्याला सांगते."