रफूवाल्या आई आणि माझे पांढरे दिवे

आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, रफू करतात. भोक बुजवणं वेगळं आणि रफू करणं वेगळं, हे मी या घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात बोलणी खाऊन शिकले. फाटलेल्या जागी उभा धागा, आडवा धागा असं सुईने पुन्हा कापडच विणतात त्या. काम झालं की गिऱ्हाइकाला दारात उजेडात उभं करायचं, कपडा त्याच्या हातात द्यायचा आणि एवढंच म्हणायचं, "शोधा." जागा सापडली नाही तर काम झालं. सापडली तर उसवून पुन्हा, मग गिऱ्हाईक कितीही नको म्हणो. चाळीस वर्षांत किती वेळा सापडली, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "तीनदा." आणि ते तिन्ही कपडे कुठले तेही सांगितलं!

अशा बाईच्या कामात मी माती कालवली.

वीज वाचवायचं भूत माझ्या डोक्यात शिरलं होतं. एका रविवारी स्टुलावर चढले आणि घरातले सगळे जुने पिवळे दिवे काढून, कचऱ्यात टाकून एलईडी लावले. कुणाला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? संध्याकाळपासून कटकटी सुरू. स्वयंपाकघरातला दिवा गुणगुणायला लागला. पॅसेजमधला बटण बंद केलं तरी मिणमिणत राहायचा, आणि माझे सासरे, बाबा, दहादा उठून तेच बटण दाबायचे. न्हाणीघरात तर इतका पांढरा उजेड पडला की दाढी करता करता बाबा ओरडले, "सूनबाई, डॉक्टरला बोलवा. आरशात जो माणूस दिसतोय त्याचं काही खरं नाही!" घरात सगळे 'तुझे दिवे, तुझे दिवे' म्हणून मला टोचायला लागले. मी कसली ऐकतेय! "होईल सवय," म्हटलं. फक्त अडगळीच्या खोलीतला जुना दिवा तेवढा वाचला, कारण स्टुलावर चढूनही तिथे माझा हात पोचला नाही.

आईंनी मात्र तक्रार केली नाही. त्या मागच्या खोलीत बसतात. तिथल्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत, त्यामुळे भर दुपारीही दिवा लावूनच काम. टेबलावर खाली लोंबणारा नवा दिवा त्यांनी लावून पाहिला आणि म्हणाल्या, "स्वच्छ आहे." मी लगेच फुगले.

पंधरा दिवसांत एक करडी पँट दारातूनच परत आली. गिऱ्हाइकाला जागा सापडली होती. आईंनी गुपचूप उसवली. मग आला कोट.

औषधाच्या दुकानातल्या बाईंचा तो कोट, खरं तर त्यांच्या वडिलांचा. तपकिरी, लोकरीचा. वडील जाऊन दोन वर्षं झाली, पण थंडी पडली की बाई तोच घालतात. डाव्या खिशाच्या दोन बोटं खाली ठिणगी पडून भोक पडलं होतं. एरवी आई कपड्याच्या आतल्या दुमडीतूनच धागा काढतात, म्हणजे रंगाचा प्रश्नच नाही. पण त्या पँटीसारख्याच या कोटाच्याही दुमडी कुणीतरी आधीच सोडून संपवलेल्या. तेव्हा आईंनी रिळांचा डबा उघडला. त्यात नुसती तपकिरी रिळंच साठेक असतील. एक अख्खी दुपार रंग निवडण्यात गेली आणि चार दिवस विणण्यात.

बाई आल्या. आईंनी कोट दिला. "शोधा."

शोधायची वेळच आली नाही. उन्हात खिशाखाली हिरवट ठिपका सरळ डोळ्यांत खुपत होता. बाई स्वभावाने चांगल्या. म्हणाल्या, "राहू दे हो, कुणाला दिसतंय?"

"मला दिसतंय," आई म्हणाल्या आणि कोट परत घेतला.

त्या दिवशी त्या धड जेवल्या नाहीत. दुपारी मला हाक मारली. डब्याला झाकण लावलेलं, त्यावर कोट घडी करून ठेवलेला. "डोळे गेले गं माझे. रंग कळेनासे झालेत. कोट बाईंना परत दे, त्यांची माफी माग. आणि हा डबा अडगळीच्या खोलीत टाक."

मी कोट आणि डबा उचलला आणि निघाले. मी वस्तू कुठेही कोंबते म्हणून आईही माझ्या मागोमाग आल्या. अशा वेळीसुद्धा! मी अडगळीच्या खोलीत जुना पिवळा दिवा लावला, आणि आई दारातच थबकल्या.

"थांब. इकडे आण तो कोट."

त्या दिव्याखाली ठिपका चक्क उठून दिसत होता. आईंनी कोट मागच्या खोलीत नेला, टेबलावरच्या पांढऱ्या दिव्याखाली धरला. ठिपका गायब! परत अडगळीत. ठिपका हजर! तीन खेपा झाल्या. पुढे आई, मागे डबा पोटाशी धरून मी. बाबांनी पेपरातून मान वर केली. "काय हरवलं?"

"डोळे," आई म्हणाल्या. "सापडले."

मग माझ्याकडे वळल्या. "तुझा दिवा खोटं बोलतो."

माझी जीभ काही गप्प बसत नाही. "आणि जुना खरं बोलायचा वाटतं?" बोलले आणि जीभ चावली. पण आई विचारात पडल्या.

"नाही गं. तोही खोटंच बोलायचा. त्याच्याखाली निळा आणि काळा सारखाच दिसायचा. पण त्याचं खोटं मला पाठ होतं."

मी तशीच बाजारात पळाले. विजेच्या दुकानदाराने मला वेड्यात काढलं, म्हणाला, तसले दिवे आम्ही कधीच बंद केले. मग शेजाऱ्यांची शिडी आणली. अडगळीतला दिवा काढून आईंच्या टेबलावर लावू, म्हटलं. आईंनी शिडी धरून ठेवली, चढूच देईनात. "तो आज ना उद्या उडेल. मग मी पुन्हा आंधळी?"

दुसऱ्या दिवसापासून सहासष्ट वर्षांची ही बाई नव्याने शिकायला बसली. आमच्या दारात सकाळी तासभर ऊन असतं. त्या तासात पायरीवर बसून एकेक रीळ उन्हात बघायचं, मग आत जाऊन तेच रीळ पांढऱ्या दिव्याखाली. आत जुळी वाटणारी आणि बाहेर वेगळी पडणारी रिळं सापडली की दोन्हींना पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारायची, म्हणजे दिव्याखाली या जोडीवर भरवसा ठेवायचा नाही. रिळं धरायला मी. पाप माझंच होतं ना! नवव्या दिवशी माझा धीर सुटला. "अहो आई, पुरे झालं आता!" त्या शांतपणे म्हणाल्या, "तू जा, तुझी कामं बघ." मी काही गेले नाही. एकोणीस दिवस लागले. आणि इतक्या दिवसांत मला एकदाही दोष दिला नाही हो त्यांनी. मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

मग त्यांनी कोट उसवला आणि त्याच पांढऱ्या दिव्याखाली पुन्हा विणला.

बाई सकाळी आल्या. दारात ऊन होतं. "शोधा."

त्यांनी कोट फिरवला, खिशाखाली बोट फिरवलं, उजेडाकडे धरला. "अहो, कोट बदलला तर नाही ना?" म्हणाल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले.

आईंनी तो कोट माझ्या हातात दिला. "आता तू."

मला जागा माहीत होती. डावा खिसा, खाली दोन बोटं. उसवताना, विणताना शेजारीच तर बसले होते मी. तरी सापडेना. नाहीच सापडली.

बाई तिथेच कोट अंगात घालून गेल्या आणि मला रडू फुटलं. "आई, माझ्यामुळे तुम्ही काम सोडलं असतं."

"सोडलं नाही ना? मग डोळे पूस. एक शाल आलीये, ती घेते. जा, आत दिवा लाव."

"कुठला?"

"कुठला म्हणजे?" पायरीवरून उठत आई म्हणाल्या. "माझा."