दादाचा खडूस

वहिनीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. हात मातीने भरलेले, म्हणून करंगळीनेच स्पीकर लावला आणि मोबाइल ओट्यावर ठेवला. पलीकडून वहिनी म्हणाली, "शैला, ह्यांनी चाकू उघडला गं…" मी जवळजवळ ओरडलेच, "काय सांगतेस! खडूस उघडला?" ती जरा थांबली. मग म्हणाली, "हो. आणि गेले." मी वेडी, तिला विचारते, "कुठे?" वर्षभरात ज्या माणसाला दुसऱ्याच्या आधाराशिवाय पलंगावरून उतरता आलं नव्हतं, तो कुठे जाणार होता? ठाण्याहून डोंबिवलीला निघाले, तर शिळफाट्याला गाड्या नेहमीसारख्या खोळंबलेल्या. रिक्षात बसून मी रडत होते आणि मधेच मनात यायचं, उघडला, शेवटी उघडला पठ्ठ्याने. आपला भाऊ गेलाय आणि आपल्याला आनंद कसला होतोय, ते माझं मलाच कळत नव्हतं. पण होत होता, हे खरं.

श्रीपाददादा माझा थोरला भाऊ. डोंबिवलीतल्या एका कारखान्यात तो ड्राफ्ट्समन होता. पेन्सिलीला टोक करायचं तर ते चाकूनेच, शार्पनर म्हणजे त्याच्या मते पोरखेळ. त्या पेन्सिलीपायी त्याच्या खिशात घडीचा चाकू आला आणि मग जन्मभर उजव्या खिशातून हलला नाही. लग्नकार्यात सुतळी कापायला, मिठाईचा खोका सोडायला, पायातला काटा काढायला, सगळीकडे दादाला हाक. पेरू तर त्याने दाताने तोडून खाल्लेला मला आठवतच नाही. एकदा माझ्या मुलीच्या लग्नाची खरेदी करायला आम्ही एका मॉलमध्ये गेलेलो. दारावरच्या गार्डने खिसे तपासले आणि म्हणाला, "काका, ये अंदर नहीं ले जा सकते. इथे जमा करा." दादा म्हणाला, "अरे बाबा, हा पेरूचा चाकू आहे. ह्याने कोणाचा खून करायचा म्हटला तर संध्याकाळ होईल." गार्ड काही ऐकेना. दादा म्हणाला, "तुम्ही या जाऊन, मी बसतो." आम्ही दोन तासांनी पिशव्या सांभाळत बाहेर आलो, तर दादा पायरीवर बसून फोडी करतोय आणि तो गार्ड मीठ लावून खातोय. वहिनीने कपाळावर हात मारून घेतला.

एका चाकूचे पुढे किती झाले ते मी मोजले नाहीत. कल्याणच्या जुन्या बाजारातून, मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेतून, कुणाच्या रद्दीतून, कुठून कुठून तो आणायचा. माशाच्या आकाराचा पितळी, लाकडी मुठीचा, पातं झिजून काडीसारखं झालेला. वहिनी त्या सगळ्याला मिळून 'तुमची लोखंडं' म्हणायची. खंडेनवमीला मात्र तीच पाटावर लाल कापड घालून द्यायची, आणि मी ठाण्याहून खास तेल लावायच्या कामाला जायचे. पाती पुसायची, सांध्यात थेंब सोडायचा, हळदकुंकू, झेंडूचं फूल. त्या दिवशी दादा लहान मुलासारखा लुडबुडायचा. चाकूंना त्याने नावं ठेवलेली होती. त्यातली जोडी मला पाठ होती. म्हशाच्या जत्रेत एका लोहाराकडून एकाच दिवशी घेतलेले, काळ्या शिंगाच्या मुठीचे दोन. एकाची स्प्रिंग इतकी कडक की नखाच्या खाचेत अंगठा घालून जीव काढावा तेव्हा उघडणार. त्याचं नाव खडूस. दुसरा सैल, नुसता अंगठ्याने ढकलला तरी उघडायचा. तो शहाणा. दादाच्या खिशात कायम खडूस असायचा, शहाणा खणात. चाकू तो कधी कुणाच्या हातात द्यायचा नाही. समोर खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "उचल. हातात दिला की भांडण होतं." आम्ही भावंडं तशीही भांडायचोच, पण चाकूवरून कधी नाही.

मग त्याला अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. बोलणं जड झालं तरी कळत होतं, डोकं तर पूर्वीइतकंच चालत होतं. तेच वाईट. व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीने काही महिन्यांनी स्पष्ट सांगितलं, डाव्या हाताची आता फार आशा ठेवू नका. दादा तिला म्हणाला, "डाव्याचं सोडा. उजव्याने चाकू कसा उघडायचा ते शिकवा." ती हसली. तिला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. तो गंमत करत नव्हता. घडीचा चाकू ही दोन हातांची वस्तू, हे आपल्या कधी ध्यानातही येत नाही. एका हाताने मूठ धरायची, दुसऱ्याने पातं ओढायचं. दादाने खडूस गुडघ्यांत धरून बघितला, तर डावा गुडघा धरेना. खुर्चीत बसवला की टेबलाच्या खणाच्या फटीत मूठ अडकवायचा, ती निसटायची. एकदा दाताने ओढायला गेला आणि ओठ फाटला. वहिनीने रक्त पाहून चाकू लपवून ठेवला, तर दोन दिवस जेवला नाही. शेवटी तिनेच रडत रडत आणून उशाशी ठेवला. त्याच्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. बघवायचं नाही.

मी एकदा न राहवून म्हटलं, "अरे, मग शहाणा घे ना. तो एका हाताने उघडतो."

"तो काय, फुंकर मारली तरी उघडेल. त्यात माझं काय?"

"पेरू कापल्याशी कारण आहे ना तुला?"

 तोंड वाकडं करत तो एकेक शब्द काढत म्हणाला, "शैला, मला आंघोळ दुसरं कोणी घालतं. भरवतं दुसरं कोणी. लघवीलासुद्धा… एक गोष्ट, एक तरी गोष्ट जशी होती तशी माझी मी…" पुढचं त्याला बोलता आलं नाही. मलाही ऐकवलं नसतं. त्या दिवशी मी त्याच्याजवळ बसले आणि खडूसची मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरली. म्हटलं, "ओढ." जन्मभर ज्याने मला चाकू हातात दिला नाही, त्याची बोटं माझ्या बोटांवर होती. त्याने ओढलं आणि पातं उघडलं. ओळखीचा तो खट्ट आवाज आला. मला वाटलं, आता हसेल. तो पात्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मिटव. हे दोघांचं झालं." त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात उचलायचं त्याच्या लक्षातही नव्हतं. मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले. देवाला मी एरवी काही मागत नाही. त्या दिवशी म्हटलं, एवढा एक चाकू उघडू दे रे ह्याला, बाकी काही नको.

म्हणून तो गेल्यावर मी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटले. खडूस उघडला त्याने. त्याच दुपारी उघडला, पेरू कापला, आणि मग गेला. माणसं मान हलवायची. कुणाला एवढं काय त्याचं वाटणार? पण मला त्याचा मोठा आधार होता. बाकी सगळं हरला माझा भाऊ, पण हे एक जिंकून गेला, असं मी स्वतःला रोज सांगायचे. वहिनी मात्र हे निघालं की उठून आत जायची. मला वाटायचं, तिला सहन होत नसेल. त्यांना मूलबाळ नाही. त्या दोन खोल्यांत ती आता एकटीच.

दिवसकार्य होऊन काही आठवडे गेले. मी डोंबिवलीला गेले, तर वहिनी दादाच्या पलंगावर बसलेली. पलंग अजून हलवलेला नव्हता. दुपार टळून गेली तरी जेवलेली नव्हती. मी आमटी गरम करायला उठले, तर म्हणाली, "बस. तुला एक सांगायचंय." कपाटातून तिने टॉवेलची एक गुंडाळी काढली. सोडली, तर आत उघडा चाकू. काळी शिंगाची मूठ. तिने तो माझ्यासमोर चादरीवर ठेवला.

"उघडा तसाच ठेवलाय. मिटवायला हात होईना. शैला… त्यांनी नव्हता उघडला. मी उघडला."

 ती सांगत गेली. "सकाळपासून लागले होते. घामाघूम झाले, नुसते कण्हत होते. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, मंगल, मला मरू दे आता. मी काय करू गं, शैला? गोळीने त्यांचा डोळा लागला. मी म्हटलं, गुंगीत धड आठवायचं नाही त्यांना. उठतील तेव्हा वाटू दे, ओढता ओढता उघडला आणि मग झोप लागली. पण तो मेला मलाही उघडेना. नख निघालं माझं, हे बघ. मग खणातून दुसरा काढला, तो सैलवाला. दोन्ही सारखेच तर आहेत दिसायला. तो उघडून त्यांच्या हाताशी ठेवला, आणि खडूस खणात टाकला."

"मग?"

"जागे झाले. चाकू हातात घेतला. बघत राहिले, बघत राहिले… मग म्हणाले, मंगल, जमलं बघ. आणि हसले गं. किती दिवसांनी हसले! म्हणाले, पेरू आण. डाव्या हाताखाली पेरू दाबून धरला आणि चार फोडी केल्या. पहिली मला दिली. मी चहा टाकायला आत गेले आणि येईपर्यंत…" तिने पदर तोंडाला लावला. पदराआडूनच म्हणाली, "तेवढं तरी समाधान घेऊन गेले. कळलं नसेल ना गं त्यांना?"

चादरीवरच्या मुठीत दोन पितळी खिळे होते. खडूसच्या मुठीत तीन. हे मला इतक्या वर्षांच्या तेल लावण्यातून माहीत. आणि दादाला? त्याचे डोळे बांधून हातात ठेवला असता, तरी नुसत्या वजनावरून त्याने सांगितलं असतं. मला फक्त 'नाही कळलं' एवढंच म्हणायचं होतं. सगळं त्या दोन शब्दांवर होतं आणि ते तोंडातून निघेनात. वहिनी माझ्याकडे बघत होती. माझ्या चेहऱ्यावर कधीच काही लपत नाही.

"कळलं होतं?"

"वहिनी, तो त्या दोन्ही चाकूंना अंधारातसुद्धा ओळखायचा गं."

"मग जमलं म्हणाले ते…"

"तुझ्यासाठी."

 मी वहिनीच्या पाठीवर हात ठेवला आणि आपण अशा वेळी जे बोलतो ते बोलू लागले. म्हटलं, बघ किती जीव होता त्याचा तुझ्यावर, शेवटच्या घटकेला सुद्धा तुला बरं वाटावं म्हणून हसला. तिने माझा हात झटकला. "मला ते नको होतं गं," ती ओरडली. एवढ्या वर्षांत मी तिला ओरडताना पाहिलं नव्हतं. "माझ्यावर जीव होता ते मला माहितीये. मला तो उघडलेला हवा होता. त्यांना उघडलेला हवा होता."  मला दादाचाच राग आला. मरायच्या दिवशी तरी एवढा समजूतदारपणा कशाला? आदळायचा होतास तो चाकू, भांडायचं होतंस, 'हा नव्हे माझा' म्हणून ओरडायचं होतंस. तुझ्या हातात जे उरलं होतं, तेही दुसऱ्याला देऊन मोकळा झालास.

त्या संध्याकाळी मी निघेपर्यंत वहिनीने खण उपसून खडूस शोधला होता. पलंगावर दादा बसायचा त्या जागी ती बसली, आणि नखाच्या खाचेत अंगठा घालून ओढू लागली. मी हात पुढे केला, तर चाकू छातीशी धरून वळली. "तू लावू नकोस हात. ते माझ्याशी खोटं बोलले, मी त्यांच्याशी. आता हा एक तरी खराखुरा उघडू दे."

तेव्हापासून ती रोज दुपारी बसते. संध्याकाळी मला फोन येतो. कशी आहेस, जेवलीस का, काही नाही. "आज नाही उघडला," एवढंच म्हणते. मी म्हणते, "उद्या बघ." अंगठ्याला पट्टी बांधते, पण बसते. त्या चाकूची एक खुबी आहे, दोन हात असतील तरच जमणारी, दादाने मला कधीची शिकवलेली. ती कळली, तर वहिनीच्या अशक्त हातांनीही तो पहिल्या झटक्यात उघडेल. ती मी तिला सांगितलेली नाही आणि इथेही लिहिणार नाही. हा लेख वाचून ती चिडेल, फोन करून भांडेल माझ्याशी. भांडू दे. जेवण नकोसं झालेली बाई दुपार झाली की उठते, तोंड धुते आणि त्या पलंगावर जाऊन बसते ती खडूससाठी. तो उघडला, तर दुसऱ्या दिवशी ती कशासाठी उठेल, हे मला कोणी सांगा.