आपलाच ट्रेलर

ट्रकच्या धंद्यात पुढच्या, इंजिनाच्या गाडीला घोडा म्हणतात. कामठीच्या श्रावण मेश्रामजवळ घोडा होता, पण त्याला जोडायला ट्रेलर नव्हता. त्याच मोहल्ल्यातल्या मैनाबाईजवळ ट्रेलर होता, घोडा नव्हता.

तिचा नवरा धोंडबा म्हणजे श्रावणचा उस्ताद. छप्पन साली दीक्षेला अर्धा मोहल्ला गाडीत कोंबून नागपुरात नेला तो त्यानंच. पुढं श्रावणला क्लीनर ठेवलं, स्टेअरिंग धरायला शिकवलं. मग काविळीनं गेला. दवाखान्यापायी त्याचा घोडा विकला. ट्रेलर तेवढा मैनाबाईच्या नावावर राहिला आणि ती त्याच्यावर मिरच्या वाळवायला लागली.

"काहून वं वहिनी," श्रावण एक दिवस म्हणाला, "उस्तादाच्या ट्रेलरवर मिरच्या? रस्त्यानं जाता जाता मले शिंका येऊन राहिल्या."

"मंग ने ना गा. मी का त्याले धरून बसली हाय?"

करार झाला तो एवढाच. कांद्रीच्या खाणीवरून मँगनीज भरायचं, आणि भाडं आलं की मैनाबाईचा वाटा आधी तिच्या हातात. तिची चूल त्यावर पेटायची, पोरगी जया त्यावरच शाळेत जायची.

एकोणऐंशी साली घोड्याच्या विम्याची मुदत संपली. ट्रेलरचाही विमा काढून टाकू म्हणून श्रावण एजंट बाबनरावांकडे गेला. बाबनरावांनी चहा सांगितला, लिहिता लिहिता विचारलं, "ट्रेलर कोणाचा?"

"आपलाच हाय," श्रावण म्हणाला.

आमच्याकडे मागून आणलेल्या वस्तूला लोकाची म्हणत नाहीत. तसं म्हटलं की देणाराच परका होतो. 'आपला' म्हणजे त्याचाही, माझाही. बाबनराव मूळचे दुसऱ्या मुलखातले. त्यांनी आपला म्हणजे श्रावणचा, असं लिहिलं. ट्रेलरचं आरसी बुक कोणी उघडून पाहिलं नाही.

त्याच पावसाळ्यात मनसरच्या वळणावर ब्रेकचा पाइप फुटला. घोडा कसाबसा रस्त्यावर राहिला, ट्रेलर नाल्यात उलटला. माणूस कोणी जखमी झाला नाही. पण चेसिस वाकली, एक्सल तुटून पडला. तिकडं मैनाबाईचा वाटा बंद झाला.

कंपनीनं विमा नाकारला. ट्रेलर बाईच्या नावावर, विमा श्रावणच्या. बाबनरावांनाही वाईट वाटत होतं. एका दुपारी ते स्वतः कामठीला आले, मागच्या सालची तारीख टाकून एक कागद बनवून. मैनाबाईनं तेव्हाच ट्रेलर श्रावणला विकला होता, असा. अंगठा लागला की पैसे मंजूर.

मैनाबाईच्या ओसरीवर श्रावण होता, आणि तिचा दीर मनोहररावही बसला होता. तो म्हणाला, "वा. नाल्यात पाडला ह्यानं, अन् मालकही हाच. अजून उलटव बाप्पा एखादा, मोहल्लाच तुह्या नावावर होते."



"वाचा तं खरं," मैनाबाई बाबनरावांना म्हणाली.

त्यांनी वाचलं. ट्रेलर राजीखुशीनं विकला, त्यावर माझा किंवा माझ्या वारसांचा कोणताही हक्क राहिला नाही.

"वारस म्हणजे आमची जया?"

"हो, बाई."

 तिनं अंगठा पुढं केला. "लावा शाई."

श्रावणनं कागद उचलला. "राहू दे वं वहिनी."

"काहून? तूच तं आपला म्हणलास."

"आपला म्हणलो. माहा नाही म्हणलो."

"मंग ट्रेलर बनंन कसा?"

"पाहतो मी."

बाबनरावांनी बाहेर त्याला समजावलं. अरे, बाई तयार आहे, तुझ्या मनात खोट नाही, मग अडतं कुठं? श्रावण म्हणाला, "माह्या मनात नाही साहेब. पण मी उद्या मेलो तं माह्या पोराईच्या मनात काय येईन, ते मले काय मालूम?"

दिवाळीनंतर ट्रेलर दुरुस्त होऊन मोहल्ल्यात आला. नवा एक्सल, कमानीचे नवे पट्टे. ओढत आणणारा घोडा भाड्याचा होता, श्रावण त्यात ड्रायव्हरच्या बाजूला बसलेला.

मैनाबाई दारात आली. "तुहा घोडा कुठी हाय गा?"

"इकून टाकला."

मनोहरराव ओसरीवरून उठून आत गेला. श्रावणनं ट्रेलर सोडवून घेतला, चाकांखाली दगड लावले आणि हात पुसत उभा राहिला. मैनाबाईनं एक्सलला हात लावून पाहिला. 

पुढच्याच महिन्यात पारशिवनीचा एक शेटजी ट्रेलर भाड्यानं मागायला आला. त्याच्याजवळ दोन घोडे होते, ड्रायव्हरही होते. मैनाबाई म्हणाली, "घोडा कोणाचाही राहू द्या शेटजी. त्याच्यावर श्रावण बसंन तं न्या."

शेटजीनं कुरकुर केली, पण ट्रेलर पाहिजे होता. त्यानं श्रावणला ठेवून घेतलं. मरेपर्यंत श्रावण पगारी ड्रायव्हरच राहिला.